एटीपी आणि डीएनए: मालमसाला एकच, मग कामं वेगळी कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही पाहता येईल. मुलीचा बारावीचा अभ्यास घेताना तुमच्या लक्षात आलं की एटीपीच्या आकृतीत अडेनिन, एक साखर आणि फॉस्फेट आहेत, आणि डीएनएच्या आकृतीतही अडेनिन, साखर आणि फॉस्फेटच आहेत. पुस्तक एकाला ऊर्जेचा साठा म्हणतं, दुसऱ्याला माहितीचा. मग त्याच मालमसाल्यातून एकदा ऊर्जा आणि एकदा माहिती कशी निघते? डीएनएत ऊर्जा नसते का? आणि वर मुलीचा आक्षेप: जीवशास्त्राचे सर सांगतात फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा मिळते, रसायनशास्त्राच्या बाई सांगतात कुठलाही बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. खरं कोणाचं मानायचं?

मी बावीस वर्षं रेणवीय जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते आहे, आणि हा आक्षेप दर वर्षी एखादा तरी विद्यार्थी घेतो. ज्या वर्षी कोणी घेत नाही त्या वर्षी मला काळजी वाटते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

रसायनशास्त्राच्या बाईंचं बरोबर आहे. बंध तोडायला ऊर्जा लागतेच, फॉस्फेटचा बंधही त्याला अपवाद नाही. गोंधळाचं मूळ एका सोयीच्या खुणेत आहे. १९४१ साली फ्रिट्झ लिपमन यांनी एटीपीतला हा बंध नागमोडी रेघेने दाखवला आणि त्याला ऊर्जासंपन्न फॉस्फेट बंध म्हटलं. हिशेब करायला ती खूण फार उपयोगी होती, अजूनही आहे. पण ती पाहून वाटतं की त्या रेघेत ऊर्जा कोंडून ठेवली आहे आणि रेघ तुटली की ती बाहेर उसळते. तसं काही होत नाही.

प्रत्यक्षात घडतं ते असं. एटीपीच्या शेपटीला तीन फॉस्फेट एकाला एक चिकटून असतात आणि पेशीतल्या पाण्यात त्यांच्यावर मिळून तीन-चार ऋण प्रभार असतात. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. पाण्याचा रेणू येतो, शेवटचा फॉस्फेट सुटतो, आणि त्याच वेळी पाण्याचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना नव्या बंधांनी जोडले जातात. म्हणजे काही बंध तुटले आणि काही तयार झाले. सुटलेल्या फॉस्फेटवर प्रभार जास्त सुटसुटीत पसरतो, आजूबाजूचं पाणी त्याला चांगलं वेढून घेतं, आणि ढकलाढकली कमी होते. तोडायला लागलेली ऊर्जा एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला ठेवून वजाबाकी केली की हातात शिल्लक राहते. प्रमाणित परिस्थितीत ही शिल्लक दर मोलमागे ३०.५ किलोज्यूल आहे. ती एकट्या बंधाची नाही, संपूर्ण अभिक्रियेची आहे.

आता परिस्थितीचा भाग. पुस्तकातला ३०.५ हा आकडा पेशीत जसाच्या तसा लागू होत नाही. जिवंत पेशीत तो ५० किलोज्यूलच्या आसपास जातो आणि पेशीपेशीगणिक, मॅग्नेशियमचं प्रमाण आणि आम्लता यांच्यानुसार बदलतो. रेणू तोच असताना ऊर्जा जास्त कशी? मी वर्गात कोयनेचं उदाहरण देते. शिवसागरातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे कोसळतं आणि वीज तयार होते. पाण्याच्या थेंबाची तपासणी करून त्यात वीज सापडणार नाही. वीज मिळते ती वरच्या आणि खालच्या पातळीतल्या फरकातून. पोफळी जलाशयाच्या उंचीवर असती तर पाणी तेच असूनही एक दिवाही लागला नसता.

एटीपीचं तसंच आहे. पेशी एटीपीचं प्रमाण सतत वर आणि त्यातून एक फॉस्फेट गेल्यावर उरणाऱ्या एडीपीचं प्रमाण खाली ठेवते. अभिक्रिया आपोआप थांबेल अशा समतोलापासून हे प्रमाण कोट्यवधी पटींनी दूर असतं. एखाद्या परीक्षानळीत एटीपी, एडीपी आणि फॉस्फेट समतोलाला आणून ठेवले, तर त्या नळीत उरलेल्या एटीपीचा बंध अगदी तसाच, तरीही त्याच्यापासून एक कणही काम मिळणार नाही. मुलीला हे एक वाक्य पटलं की तिच्या आक्षेपाचं उत्तर झालं.

मग पाणी वर चढवतं कोण? आपण खाल्लेलं अन्न. पेशीतल्या तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन साठवले जातात आणि ते परत येताना एका विकरातून (एंझाइममधून) येतात. ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा तिला बराच विरोध झाला. १९७८ साली त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळालं. तो विकर पाणचक्कीसारखा खरोखर फिरतो. १९९७ साली जपानमधल्या संशोधकांनी त्याच्या आसाला चमकणारा तंतू जोडला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांनी आसाकडचा भाग एटीपी घालून उलटा चालवला होता, पण फिरणं तेच. पोफळीच्या टर्बाइनचं उदाहरण मी उगाच निवडलेलं नाही.

इथेच पुस्तकातल्या ‘साठा’ या शब्दाबद्दलही सांगायला हवं. एटीपी हा साठा म्हणणं मला पटत नाही. आराम करणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण ४० किलो एटीपी वापरलं जातं आणि एका वेळी हाताशी असतं ते फक्त १०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तेच रेणू दिवसातून शेकडो वेळा खर्च होऊन पुन्हा भरले जातात. एक एटीपी तयार झाल्यावर सहसा मिनिटभरही टिकत नाही. ज्याला खरा साठा म्हणावा तो यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेन, आणि त्याहून मोठा म्हणजे मेद. पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे १७ किलोज्यूल मिळतात, मेदाच्या एका ग्रॅममधून ३७. मेदाच्या लांब साखळ्यांत कार्बनला जवळजवळ सगळीकडे हायड्रोजनच चिकटलेला असतो, ऑक्सिजन फार थोडा, त्यामुळे त्याचं ज्वलन व्हायला जास्त वाव असतो. शिवाय ग्लायकोजेन बरोबर पाणी धरून ठेवतो आणि मेद पाण्याला जवळ येऊ देत नाही. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असतो, तो यासाठीच: लहानशा दाण्यात अंकुराची पुष्कळ शिदोरी मावते.

ऊर्जेचं इतकं पुरे. माहितीकडे येते.

जुन्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करायचे. ‘क’चा खिळा हातात घेतला तर त्यात अर्थ नसतो. अर्थ येतो कोणत्या खिळ्यानंतर कोणता बसवला यातून. आणि छापखाना चालायचा तो एका अटीवर: कोणताही खिळा कोणत्याही खिळ्याशेजारी तितक्याच सहज बसला पाहिजे. ‘क’शेजारी फक्त ‘म’च घट्ट बसतो, बाकीचे सुटतात, असं असतं तर सगळ्या पुस्तकांत एकच शब्द छापावा लागला असता.

डीएनए माहिती साठवू शकतो तो याच गुणामुळे. साखर आणि फॉस्फेटचा कणा सगळीकडे एकसारखा असतो आणि त्यावर ए (अडेनिन), टी (थायमिन), जी (ग्वानिन), सी (सायटोसिन) यांपैकी कोणतंही अक्षर कोणत्याही अक्षरानंतर येऊ शकतं. कोणताही क्रम रसायनाच्या दृष्टीने जवळपास सारख्याच किमतीत पडतो. जवळपास म्हणते, कारण थोडा फरक असतोच. जी आणि सी यांची जोडी ए आणि टी यांच्या जोडीपेक्षा जास्त घट्ट असते. प्रयोगशाळेत डीएनएचा छोटा तुकडा किती तापमानाला सुटेल याचा ढोबळ अंदाज काढताना आम्ही प्रत्येक ए किंवा टीमागे २ अंश आणि प्रत्येक जी किंवा सीमागे ४ अंश धरतो. पण हा फरक इतका मोठा नाही की तो मजकूर ठरवेल. मजकूर ठरतो तो कोणती रचना जगली आणि तिची पिढ्यान् पिढ्या नक्कल होत गेली यावरून. आपल्या बहुतेक पेशींत अशा सहा अब्जांच्या आसपास जोड्या असतात आणि सरळ ताणल्या तर त्यांची लांबी जवळपास २ मीटर भरते.

म्हणजे आत्तापर्यंत हाती आलं ते एवढं: ऊर्जा आहे ती समतोलापासूनच्या अंतरात, आणि माहिती आहे ती क्रमात. दोन्ही गोष्टी एकट्या रेणूच्या आत नाहीत. म्हणूनच एकाच प्रकारच्या रेणूला दोन्ही कामं करता येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा मला सर्वांत आवडलेला भाग. पीसीआर हा शब्द कोरोनाच्या काळात घरोघरी पोचला. त्या लहानशा नळीत डीएनएच्या अब्जावधी नकला तयार होतात. विद्यार्थ्यांना मी नळी भरायला लावते आणि मग विचारते: यात काय काय घातलंत? नमुन्याचा डीएनए, दोन प्राइमर (नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे), अक्षरं जोडणारा पॉलिमरेज विकर, मॅग्नेशियम, आणि चार अक्षरांचं मिश्रण. एटीपी घातलं का? नाही. तंतुकणिका? नाही. यंत्र तर फक्त तापवतं आणि थंड करतं. मग हजारो अक्षरं जोडायची ऊर्जा आली कुठून?

वर्ग शांत होतो. उत्तर मिश्रणाच्या बाटलीवरच्या नावात असतं: ती अक्षरं ट्रायफॉस्फेट असतात. प्रत्येक अक्षर एटीपीसारखीच तीन फॉस्फेटची शेपूट घेऊन येतं. साखळीत बसताना त्यातला एक फॉस्फेट कण्यात राहतो, दोन सुटून जातात, आणि त्यातून जोडणी पुढे सरकते. प्रत्येक अक्षर आपलं भाडं स्वतःच्या पदराला बांधून येतं. शेपूट नसलेली, एकच फॉस्फेट असलेली अक्षरं घातली तर पॉलिमरेज कितीही चांगला असला तरी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर, काही दिसत नाही. पेशीत तर त्या सुटलेल्या दोन फॉस्फेटच्या जोडीलाही लगेच तोडून टाकतात, म्हणजे अभिक्रिया मागे फिरण्याचा रस्ताच बंद होतो.

पीसीआरमध्ये ‘ए’ म्हणून जे घालतो ते एटीपीच, फक्त साखरेवर एक ऑक्सिजन कमी. आणि आरएनए तयार होताना तेवढाही फरक उरत नाही. पेशी जनुकाची आरएनए प्रत काढते तेव्हा तुमच्या पुस्तकातलं, ऊर्जेच्या धड्यातलं एटीपीच दोन फॉस्फेट सोडून ‘ए’ हे अक्षर बनून ओळीत बसतं. त्या एका क्षणी तोच रेणू भाडंही असतो आणि मजकूरही. दोन धडे वेगळे छापले आहेत म्हणून आपल्याला वाटतं की पेशीत दोन खाती वेगळी आहेत.

ऊर्जा येणाऱ्या अक्षराकडे असते, वाढणाऱ्या साखळीच्या टोकाला नसते, यालाही कारण आहे. पॉलिमरेजच्या हातून दर लाखभर अक्षरांमागे एखादं चुकीचं बसतं. बरेच पॉलिमरेज ते चुकीचं अक्षर कापून टाकतात. समजा भाडं साखळीच्या टोकाला बांधलेलं असतं, तर चुकीच्या अक्षराबरोबर तेही कापलं गेलं असतं आणि साखळी तिथेच अडली असती. भाडं नव्या अक्षराकडे असल्यामुळे चूक खोडली तरी पुढचं अक्षर येऊन काम चालू राहतं. ही तपासणी आणि नंतरची दुरुस्ती मिळून पेशीतल्या चुका अब्जात एखादीपर्यंत खाली येतात. म्हणजे अचूक माहिती टिकवण्याची किंमत ऊर्जेतच मोजावी लागते. ही गोष्ट मला शिकवताना अजूनही भारावून टाकते.

मग तुम्ही विचाराल, इतकं साम्य आहे तर पेशीने मजकूर आरएनएतच का ठेवला नाही? काही विषाणूंनी तसं केलं आहे, कोरोना त्यांतलाच. पण आरएनएतल्या रायबोज साखरेवरचा जो एक ऑक्सिजन डीएनएत नसतो, तोच आरएनएच्या जिवावर उठतो. तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडू शकतो. दुसरा फरक युरॅसिल आणि थायमिनचा: डीएनएत जिथे थायमिन असतं तिथे आरएनएत युरॅसिल. सायटोसिन अधूनमधून आपोआप बिघडून युरॅसिल होतं, आपल्या एका पेशीत दिवसाला शंभराच्या घरात. डीएनएत युरॅसिल हे अधिकृत अक्षरच नाही, त्यामुळे ते दिसलं की दुरुस्ती करणारे विकर ओळखतात की इथे बिघाड झाला. आरएनएत युरॅसिल नेहमीचंच, तिथे खरं कोणतं आणि बिघडलेलं कोणतं हे कळायला मार्ग नाही.

टिकाऊपणातला फरक मी एकदा न ठरवता पाहिला. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेतला उणे २० अंशांचा फ्रीझर बंद पडला आणि चार दिवसांनी आमच्या लक्षात आलं. आत विद्यार्थ्यांनी काढलेला डीएनए होता, आरएनए होता आणि एटीपीचं द्रावण होतं. डीएनए जेलवर चालवला, पट्टे जसेच्या तसे. आरएनएच्या जागी नुसता खाली घसरलेला धूसर डाग. एटीपी तपासलं ते काजव्याच्या विकराने. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर झाडं लुकलुकतात ना, तोच विकर: एटीपी जेवढं, तेवढा प्रकाश. आमच्या नळीतला उजेड फारच मंद आला. यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते द्रावण आम्लता न जुळवता बनवलेलं होतं. व्यवस्थित जुळवलेलं एटीपी नुसत्या पाण्यात चार दिवसांत इतकं बिघडत नाही. आणि तेही महत्त्वाचं आहे, कारण उतार असला तरी एटीपीने आपोआप घरंगळून चालत नाही. फॉस्फेटवरचे ऋण प्रभार पाण्याच्या रेणूला सहज जवळ येऊ देत नाहीत, म्हणून ते विकराची वाट पाहत थांबतं. धरणाचा दरवाजा पेशीच्या हातात राहतो तो यामुळे. डीएनएच्या कण्यातला फॉस्फेटही त्याच ऋण प्रभारामुळे सुरक्षित राहतो, आणि तो इतका की ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या डीएनएचे तुकडे वाचल्याचं २०२२ साली प्रसिद्ध झालं. एक मिनिटभर जगणारा रेणू आणि वीस लाख वर्षं टिकलेला रेणू, दोघांच्या अंगी फॉस्फेट एकच.

दोन्ही खाती एकमेकांवर किती अवलंबून आहेत हे पाहायचं असेल तर माणसाची तांबडी रक्तपेशी घ्या. तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. ग्लुकोज अर्धवट तोडून ती थोडंफार एटीपी मिळवते आणि सुमारे १२० दिवस ऑक्सिजन वाहते. पण बिघडलेलं प्रथिन नव्याने बनवायला तिच्याकडे मजकूरच नाही, त्यामुळे झीज भरून निघत नाही. याच्या उलट डब्यातली कोरडी मटकी. तिच्यात मजकूर पूर्ण आहे, शिदोरीही आहे, पण एटीपी अगदी थोडं, आणि त्यामुळे सगळं थांबलेलं. रात्री भिजत घातली की आत श्वसन सुरू होतं, एटीपी झपाट्याने वाढतं, जनुकं वाचली जाऊ लागतात आणि दुसऱ्या दिवशी मोड दिसतात.

राहिला प्रश्न डीएनएत ऊर्जा असते का. असते. वाळवलेला डीएनए जाळला तर जळेल. मटकीच्या उसळीबरोबर आपण मटकीचा डीएनए खातोच. आतड्यात त्याचे तुकडे होतात, साखरेचा भाग थोडाफार कामी येतो, पण अडेनिन आणि ग्वानिन यांच्यातून शरीर ऊर्जा काढत नाही. जे पुन्हा वापरलं जात नाही त्याचं शेवटी युरिक आम्ल होतं आणि ते लघवीतून बाहेर पडतं. रक्ततपासणीत ज्याचा आकडा वाढला की डॉक्टर सांधेदुखीबद्दल विचारतात, ते हेच. तुमच्या स्वतःच्या एटीपीतल्या अडेनिनचा शेवटही तोच.

परीक्षेपुरतं सांगायचं तर मुलीला ‘बंध तुटल्यामुळे ऊर्जा बाहेर पडते’ असं लिहू देऊ नका. ‘एटीपीच्या जलीय अपघटनातून ऊर्जा मुक्त होते’ असं लिहिलं की दोन्ही विषयांचे शिक्षक गुण देतील आणि विधानही खरं राहील. आणि एका रविवारी तिला कोऱ्या कागदावर एटीपी आणि डीएनएतलं ‘ए’ अक्षर एकाखाली एक काढायला सांगा, दोन्हींना तीन तीन फॉस्फेट लावून. कुठला ऑक्सिजन कमी आहे तो तिने स्वतः शोधून त्याभोवती गोल करावा. तुम्ही आधी सांगू नका.